टोचनगाडी पुन्हा उभी करताना

गॅरेजच्या मागच्या पडीक जागेत, वेड्या बाभळीत रुतलेली, मागे लोखंडी बूम आणि गंजका हूक असलेली जुनी टोचनगाडी तुमच्याकडे असेल, किंवा कुणाकडून ती घ्यायचा विचार तुम्ही करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. केम, जेऊर, कुर्डुवाडी, टेंभुर्णी या भागात टोचनचं काम कधी संपत नाही. एका बाजूला पुणे-सोलापूर महामार्ग, दुसऱ्या बाजूला गाळप हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. त्यामुळे अशी गाडी पाहिली की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो असा: बॅटरी लावू, पाच लिटर डिझेल घालू आणि सेल्फ मारून बघू.

हा मोह आवरा. वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन चालू होणं ही आनंदाची गोष्ट आहे, पण टोचनगाडीच्या बाबतीत ती सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी नुसती उभी राहते. ब्रेक लागला नाही किंवा वायर रोप तुटला, तर माणूस जातो. म्हणून या कामाचा क्रम नेहमीच्या जुन्या मोटारीपेक्षा वेगळा हवा. आधी कागद, मग गाडी सुखरूप बाहेर काढणं, मग थांबवणं, मग उचलणं. इंजिनावर हळूहळू काम चालू राहू द्या, पण ते चालू झालं म्हणजे गाडी तयार झाली असं कुणाला म्हणू देऊ नका.

कागदांपासून सुरुवात करायची ती पैसा वाचवण्यासाठी. मूळ मालक हयात आहे का, आरसी बुक कुणाकडे आहे, कर्जाचा बोजा कधी उतरला होता का, हे पाना हातात घेण्याआधी शोधा. मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या लागतील. गाडीचा चेहरामोहरा बदलल्यावर आणि तिची किंमत वाढल्यावर त्या सह्या मिळवणं अवघड होतं. आरसी हरवली असेल तर दुसरी प्रत काढण्यासाठी फॉर्म २६ आणि मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. करमाळा तालुक्याचं काम अकलूजच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-४५ कडे चालतं. पण जुन्या गाडीवर तीन अक्षरांचा, एमएच येण्याआधीचा नंबर असेल, तर ती मुळात कुठल्या कार्यालयात नोंदली होती हे आधी कळायला हवं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चेसी नंबर वाचण्यासाठी ग्राइंडर कधीही लावू नका. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि मऊ तारेचा ब्रश एवढ्यावर भागवा. नंबर दिसू लागला की त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि फोटो काढा. घासलेला नंबर तपासणाऱ्याला खोडलेला नंबर वाटतो, आणि मग गाडी खरी असली तरी ती चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.

नंबरसोबत गाडीची जातही ओळखा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असेल तर ती टाटा-मर्सिडीज-बेंझ. टाटांनी १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार केला आणि तो १९६९ पर्यंत चालला. त्या काळातल्या ट्रकमध्ये बहुधा ओएम ३१२ जातीचं सहा सिलिंडरचं, साधारण ४.६ लिटरचं डिझेल इंजिन असतं. त्याला सुरू होण्याआधी हीटर प्लग तापवावे लागतात. डॉज किंवा फार्गो असेल तर तिचं नातं थेट आपल्या जिल्ह्याशी आहे. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या जोडल्या जात. मूळ पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचं पी-६ डिझेल बसवलेल्या गाड्याही पुष्कळ. महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या डिस्पोजलच्या गाड्यांवर तर पुढच्या प्रत्येक मालकाने आपापल्या सोयीने हात फिरवलेला असतो. त्यामुळे बॉनेटवरच्या नावावर विसंबून सामान मागवू नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि हाउसिंग यांचे नंबर वेगवेगळे लिहून घ्या.

गाडी जागेवरून हलवताना पहिली भीती यंत्राची नसते. सीटखाली, टूलबॉक्समध्ये, पाट्यांच्या मागे घोणस, नाग किंवा फुरसं असू शकतं. बॉनेटखाली गांधीलमाश्यांचं पोळं असतं. भर दुपारी नको, संध्याकाळी तर मुळीच नको. सकाळी, जाड बूट आणि हातमोजे घालून, आधी लांब काठीने आवाज करून आणि झुडपं कापून मगच हात घाला. कुणाला दंश झालाच तर गावठी उपचारात वेळ न घालवता सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

मग काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर ठेवलेला जॅक वजन येताच एका अंगाला झुकतो. म्हणून जॅकखाली जाड लाकडी ठोकळे, शक्यतो जुने रेल्वे स्लीपर, आडवे-उभे रचा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. ठोकळे लागल्यावरच जावं. गाडी ओढून काढायची असेल तर दोर बंपरला, बूमला किंवा पुढच्या आसाला बांधू नका. चेसीच्या दोन्ही बाजूंना धरून बांधा आणि आधी चारही चाकं फिरतात का ते पाहा. जाम झालेलं चाक ओढत नेलं तर टायर जातोच, शिवाय पाट्याचा बोल्ट तुटून आस मागे सरकतो. ड्रम आतून चिकटले असतील तर ड्रमच्या कडेने हलके ठोके देत, रोज थोडं थोडं सोडवा.

चाकाचे नट सोडण्याआधी टायरमधली हवा काढा. मागच्या जोडचाकांत दोन्ही टायरमधली. जुन्या ट्रकचे रिम एकसंध नसतात, त्यांना सुटी लॉक रिंग असते. ती गंजून पातळ झालेली असेल आणि आत हवा असेल, तर नट सैल करताना रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. पंक्चरच्या दुकानात अनुभवी माणसंही यात जीव गमावतात. नवा टायर भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब नळी लावा आणि समोर उभे राहू नका. वापरलेला ट्रक टायर घेणार असाल तर बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल दिसली तरी उन्हात तडकलेला टायर टोचनगाडीला चालणार नाही, कारण तिच्या मागच्या चाकांवर स्वतःच्या वजनाबरोबर दुसऱ्याच्या गाडीचंही वजन येतं.

आता इंजिन. पहिला नियम असा की हाताने फिरल्याशिवाय सेल्फ लावायचा नाही. नोझल काढा, पेट्रोल इंजिन असेल तर प्लग काढा, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा. मग थांबा. काही दिवस रोज थोडं ओतत राहा. त्यानंतर फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून किंवा हँडल लावून पुढे-मागे हलकं हलवा. जोर लावून एकाच दिशेला नको. हललं की त्याला पुढे-मागे करत पूर्ण फेरा घेऊ द्या. टॅपेट कव्हर उघडून व्हॉल्व्ह वर-खाली होतात का पाहा, कारण चिकटलेल्या व्हॉल्व्हवर फेरा मारला तर पुश रॉड वाकतो.

इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट सोडाल तेव्हा पहिली धार बाटलीत धरा. तळाशी पाणी साचलेलं असतं, तेच आधी येतं. पाणी खूप निघालं तर हेड गॅस्केट गेलं आहे, हेड तडकलं आहे किंवा पाऊस सायलेन्सरमधून आत उतरला आहे. अशा इंजिनाला नुसतं नवं ऑइल घालून चालवणं म्हणजे क्रँक आणि बेअरिंग गमावणं. चेंबर खाली उतरवा, ऑइल पंपाची जाळी धुवा. हे एका दिवसाचं काम आहे आणि ते टाळणाऱ्यांचीच इंजिनं दुसऱ्यांदा बंद पडतात.

जुन्या टाकीतलं डिझेल वापरू नका. ते चिकट होतं, त्यात पाणी उतरतं आणि गाळ फिल्टरपासून पंपापर्यंत जातो. टाकी बाजूला ठेवून पहिल्यांदा उंचावर टांगलेल्या स्वच्छ कॅनमधून, नवा फिल्टर लावून डिझेल द्या. पंप आणि नोझल आधी पंप-नोझलच्या दुकानात तपासून घ्या. यामागे एक मोठं कारण आहे. पंपाच्या आतला रॅक गंजून पूर्ण उघड्या जागी अडकला असेल, तर इंजिन चालू होताच वेग वाढवत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टर काढून ठेवा आणि एक माणूस हातात जाड लाकडी फळी घेऊन तोंडाशी उभा ठेवा. गरज पडली तर फळीने हवा बंद करायची. हात किंवा फडकं नाही, ते आत ओढलं जातं. आणि हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे कधीच मारू नका. तापलेल्या प्लगवर ती वाफ पेटते आणि पिस्टन फुटतो.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायची सवय सोडा. आपल्याकडचं जड पाणी वॉटर जॅकेटमध्ये खर धरतं आणि इंजिन उन्हाळ्यात उकळतं. वायरिंगबाबत इतकंच सांगतो की जुनी कापडी वायर वाचवत बसू नका, नवी टाका. आणि बॅटरी जोडण्याआधी अर्थ कुठल्या टोकाला आहे ते पाहा, कारण जुन्या इंग्लिश गाड्यांत तो प्लसला असतो. रंगाचं काम शेवटी. दारावरचं जुनं नाव, गावाचं नाव, फोनचे तीन-चार आकडे हाताने रंगवलेले असतील तर ते जपा. आणि जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नका.

ब्रेकवर मात्र काटकसर करू नका. मास्टर सिलिंडर आणि चाकातले सिलिंडर उघडा, रबर सगळे बदला, पाइप बदला. जुने लायनर काढताना ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत आहे, ती मोडा. त्या काळच्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरही होतो. पाण्याने भिजवून, मास्क लावून पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. हँडब्रेकही तितकाच महत्त्वाचा. टोचनगाडीचं अर्धं काम उभ्याने होतं.

आता ज्यासाठी ही गाडी बनली तो भाग. १९१६ मध्ये अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने ओढ्यात पडलेली मोटार बाहेर काढली. त्या कामाच्या त्रासातून त्याने खांब, कप्पी आणि साखळी मोटारीवर बसवून पहिली टोचनगाडी तयार केली. पुढे त्याने दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकणारे पाय जोडले, म्हणजे ओढ लागली की गाडी स्वतः कलंडणार नाही. शंभर वर्षांत हायड्रॉलिक आलं, पण अडचण तीच आहे. मागे उचललेलं वजन पुढचा भाग वर काढतं.

याचा हिशेब अवघड नाही. समजा पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर ४ मीटर आहे आणि हूक मागच्या आसापासून २ मीटर मागे आहे. हुकावर १००० किलो उचलले तर पुढच्या चाकांवरचं वजन ५०० किलोने कमी होतं आणि मागच्या आसावर १५०० किलो वाढतं. टोचनवाले साधारण असा नियम पाळतात की पुढच्या आसावर रिकाम्या गाडीचं जेवढं वजन असतं, त्यातलं निदान निम्मं शिल्लक राहिलं पाहिजे. त्याहून हलकी झाली की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक नावालाच उरतात. म्हणून गाडी चालती झाली की आधी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा आस, मागचा आस वेगवेगळा मोजा. हे दोन आकडे आणि टेपने मोजलेली दोन अंतरं एका पाटीवर रंगवून केबिनमध्ये लावा. जुना मालक काय काय उचलायचा याच्या आठवणींपेक्षा ती पाटी खरी.

वायर रोप पाहत बसू नका, बदला. बाहेरून ग्रीस लावलेला दिसला तरी आतला काथ्याचा गाभा वाळलेला आणि आतल्या तारा गंजलेल्या असतात. त्या वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. नवा दोर घेताना दुकानदाराकडून तुटण्याच्या ताकदीचं प्रमाणपत्र मागा आणि तो आकडा पाचाने भागा. १२ मिमीचा चांगला दोर साधारण ८ टनांना तुटतो, म्हणजे त्यावर दीड टनच धरायचा. दोराच्या टोकाला घोड्याच्या नालेच्या आकाराच्या क्लिपा लावताना निदान तीन लावा, आणि यू बोल्टची गोल बाजू दोराच्या आखूड, मोकळ्या टोकावर आली पाहिजे. बसकी बाजू ओढ घेणाऱ्या दोरावर. उलट लावली तर ओढ घेणारा दोर चेपतो आणि नेमका तिथेच तुटतो. दोर पूर्ण सोडल्यावरही ड्रमवर तीन वेढे राहिले पाहिजेत.

हूक, पिन, बूमचे जोड आणि विंचचा खटका यांना तडे गेले आहेत का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे मिळतात. आधी भाग साफ करायचा, मग लाल द्रव मारून थांबायचं, पुसायचं आणि शेवटी पांढरा स्प्रे मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. केमसारख्या कुंकवाच्या गावात हा रंग कुणालाही चुकायचा नाही. रेघ दिसली की तो हूक वेल्डिंग करून परत वापरायचा नाही, फेकायचा. तोंड फाकलेला किंवा पिळलेला हूकही तसाच. बूमच्या चौकटीवर वेल्डिंग करता येतं, पण बूमच्या मुळाशी, चेसीला बोल्टने जोडलेल्या जागी, आतून गंज किती खोल आहे ते हातोडीने ठोकून पाहा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर ती पट्टी बदला.

हे सगळं एका माणसाचं काम नाही. करमाळा आणि कुर्डुवाडीला एसटीचे डेपो आहेत. तिथून निवृत्त झालेले मेकॅनिक शोधा, जुन्या टाटाचं इंजिन त्यांच्या हाताला पाठ आहे. टर्निंगच्या कामासाठी कुर्डुवाडीला विचारा. बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून तिथे रेल्वेचं वर्कशॉप आहे आणि लोखंडाचा हात असलेली माणसं त्या गावात मिळतात. टाटाचं सामान अजून सापडतं. डॉज-फार्गोसाठी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारापर्यंत जावं लागेल. दसऱ्याला गाडी पूजेला उभी करायची म्हणून घाई करू नका. खंडेनवमीला ती ठोकळ्यांवर असली तरी पूजा होते.

रस्त्यावर आणायची असेल तर कायद्याचा आणखी एक मुद्दा आहे. १५ जुलै २०२१ ला केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत, असं त्याचं स्वरूप आहे. पण ते नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहेत, त्यांत धंद्यासाठी गाडी चालवायला परवानगी नाही, आणि ट्रकवर बांधलेली क्रेन त्यात बसेल असं धरून पैसे खर्च करू नका. कामाला लावायची असेल तर ती मालवाहू गाडीप्रमाणेच दरवर्षी फिटनेसला जाणार. बंद पडलेली गाडी ओढणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमात परमिटची सूट आहे. नोंदणी, फिटनेस आणि विमा यांची मात्र नाही. परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. उत्तर नकारार्थी आलं तरी गाडी फुकट जात नाही. स्वतःच्या गॅरेजच्या आवारात इंजिनं उतरवायला, शेतातली मोटर उचलायला ती कामाची राहते. पण रस्त्याचा खर्च मग करू नका.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट, कठीण जमिनीवर घ्या. बघ्यांना, विशेषतः मुलांना, दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर ठेवा. ताणलेला दोर तुटला तर तो आडवा फटकारतो, म्हणून त्याच्या मध्यावर भिजलेलं पोतं टाका. दोर कप्पीतून फिरवून परत आणलात तर कप्पीच्या हुकावर ओढ दुप्पट होते, हेही ध्यानात असू द्या. पाण्याने भरलेला २०० लिटरचा एक बॅरल म्हणजे बॅरलसह सुमारे २२० किलो. एकापासून सुरुवात करा, वीतभर उचला, दहा मिनिटं टांगून ठेवा आणि खटका घसरतो का पाहा. मग दोन, मग चार. प्रत्येक वेळी पुढची चाकं जमिनीला किती दाबून आहेत ते पाहा. वजन उतरवल्यावर वायर रोपच्या क्लिपा पुन्हा आवळा. पहिल्या ओढीनंतर दोर आखडून बारीक होतो आणि क्लिपा सैल पडतात. त्या आवळून झाल्यावरच दुसऱ्याची गाडी हुकाला लावा.